‘निगेटिव्ह’ या शब्दाचा अर्थ : रुग्णालयाच्या दारातली चाचणी

(पानशेत येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्य तिथे तशीच ठेवली आहे.)



विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, “सर, दवाखान्यात भरती होताना करायची विषाणूची चाचणी हा डॉक्टरांचा विषय. तुम्ही त्यात काय सांगणार?” प्रश्न रास्त आहे. घरातूनही तो विचारला गेला, जरा वेगळ्या शब्दांत. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. स्वॅब कसा घेतात हे आम्हाला येत नाही आणि या वयात कोणी आमच्या हाती काडी देऊही नये. पण चाचणीचा कागद हातात आल्यावर त्यावरून काय मानायचं आणि काय मानायचं नाही, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटत नाही. ज्ञान कशाला म्हणायचं, हा आमच्या खात्यातला प्रश्न आहे. तेवढ्यापुरतंच आम्ही बोलणार आहोत.

आधी घरातली गोष्ट सांगतो. २०२० सालचा ऑगस्ट. आमच्या सौभाग्यवतींचा न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. पुण्यातल्या एका रुग्णालयात नेलं. नाव सांगत नाही. त्या दिवसांत दुसरीकडे नेलं असतं तरी फार वेगळं घडलं नसतं. संध्याकाळी सात वाजता स्वॅब घेतला. “रिपोर्ट आल्याशिवाय वॉर्डात घेता येणार नाही.” वेदनेचं इंजेक्शन दिलं, ते खरं. पण रात्रभर त्या स्ट्रेचरवर, बाहेरच्या बोळात. आम्ही शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर. दुसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्ट आला. निगेटिव्ह. तो शब्द उच्चारताच दार उघडलं! पुराणातल्या कथेत मंत्र म्हटल्यावर उघडतं तसं.

तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली, चांगली झाली. पाचव्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या बाईंना ताप आला. त्याही दारातून निगेटिव्ह म्हणूनच आत आल्या होत्या. पुन्हा तपासलं, पॉझिटिव्ह. आमच्या सौभाग्यवती वाचल्या. पण त्या वॉर्डातल्या मावशी, ज्या दोघींनाही भांडं द्यायच्या, कूस बदलायच्या, त्या आजारी पडल्या. तीन आठवड्यांनी कामावर आल्या तेव्हा ओळखू येईनात, इतक्या वाळल्या होत्या. त्यांना संसर्ग त्या बाईंकडूनच झाला असं आम्ही म्हणत नाही. ते कोणालाच ठरवता आलं नसतं. शिवाय पेशंटजवळ एका माणसाला थांबायची परवानगी होती, तो माणूस म्हणजे आम्ही. रोज घरून डबा घेऊन, रिक्षा करून, मंडईवरून येत होतो. आमच्या नाकात कोणीही काडी घातली नाही.

तेव्हापासून हा शब्द आमच्या डोक्यात बसला आहे.

आता विषाणू अंगात आहे आणि लक्षण काहीच नाही, ही गोष्ट नवी नाही. पोलिओ आठवा. ‘दो बूंद’वाल्या बूथवर तुमच्यापैकी कितीजणी बसल्या असतील! पोलिओचा विषाणू अंगात गेलेल्या सुमारे दोनशे मुलांमागे एकाला कायमचं लुळेपण येतं, बाकी बहुतेकांना काही जाणवतही नाही. लुळी मुलं दिसायची, विषाणू घेऊन हिंडणारी दिसायची नाहीत. म्हणून तर गावातल्या प्रत्येक मुलाला डोस द्यावा लागला.

करोनाच्या बाबतीत दोन गटांची गल्लत झाली. एक, ज्यांना शेवटपर्यंत लक्षणं येतच नाहीत. दुसरा, ज्यांना अजून आलेली नाहीत, दोन दिवसांनी येतील. दारात उभे असताना दोघे सारखेच दिसतात. डॉक्टर दोघांनाही ‘लक्षणं नाहीत’ असंच लिहितात, आणि ते त्या क्षणापुरतं खरंही असतं. आमच्या सौभाग्यवतींच्या शेजारच्या बाई दुसऱ्या गटातल्या.

हे प्रमाण किती असेल याचा स्पष्ट अंदाज दिला तो न्यूयॉर्कमधल्या बाळंतपणाच्या वॉर्डांनी. २२ मार्च ते ४ एप्रिल २०२० या दोन आठवड्यांत तिथल्या दोन रुग्णालयांत २१५ स्त्रिया प्रसूतीसाठी आल्या. चौघींना ताप किंवा इतर लक्षणं होती, चौघीही पॉझिटिव्ह. उरलेल्या २११ जणींना काहीच होत नव्हतं. त्यांपैकी २१० जणींची चाचणी केली तर २९ पॉझिटिव्ह. म्हणजे एकूण ३३ संसर्ग झालेल्यांपैकी २९ जणी नुसतं ‘काय होतंय?’ विचारून सापडल्या नसत्या. बाळंतपण हे उदाहरण फार चांगलं आहे, कारण बाळंतीण आजारी आहे म्हणून दवाखान्यात येत नाही. दिवस भरले म्हणून येते. तिथे जे प्रमाण दिसतं ते गावातल्या धडधाकट माणसांच्या प्रमाणाच्या जवळचं असतं. मुंबईत नायर रुग्णालयात येणाऱ्या गर्भवतींची सरसकट चाचणी झाली तेव्हाही हेच दिसलं. पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी बहुतेकींना लक्षणं नव्हती.

आणि आमच्या पुण्यात? २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये पुणे विद्यापीठ, आयसर आणि इतर संस्थांनी शहरातल्या पाच प्रभागांत रक्ताचे नमुने तपासले. जिथे रुग्ण जास्त सापडत होते तेच भाग मुद्दाम घेतले होते, हे लक्षात ठेवा. सरासरी ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली. भागाभागांत ३६ पासून ६५ टक्क्यांपर्यंत. निम्म्या लोकांना होऊन गेला होता, आणि त्यांतल्या बहुतेकांचा कुठल्याही रुग्णयादीत पत्ता नव्हता.

इथपर्यंत ऐकल्यावर कोणीही म्हणेल, मग दारात प्रत्येकाची चाचणी करा, विषय संपला. आम्हीही त्या रात्री प्लास्टिकच्या खुर्चीवर स्वतःची हीच समजूत घालत होतो.

आता आमच्या खात्यात शिरू. आपल्याकडे कुमारिल भट्टांच्या परंपरेनं आणि पुढे अद्वैत वेदान्त्यांनी ‘अनुपलब्धी’ नावाचं एक स्वतंत्र प्रमाण मानलं. टेबलावर घडा नाही, हे आपल्याला कसं कळतं? घडा दिसत नाही, यावरून. न दिसणं हेसुद्धा ज्ञानाचं साधन आहे. नैयायिकांना ते स्वतंत्र प्रमाण म्हणून मान्य नव्हतं, त्यावर शेकडो वर्षं वाद झाला, तो आम्ही इथे काढत नाही. तुमची शेवटची एसटी चुकेल. पण एका अटीवर दोन्ही पक्षांचं जमतं. नुसतं न दिसणं पुरत नाही, ‘योग्य’ अनुपलब्धी लागते. म्हणजे वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. खोलीत मिट्ट काळोख आहे, तुम्ही आत डोकावलात, घडा दिसला नाही. म्हणून ‘घडा नाही’ असं म्हणाल का? म्हणणार नाही. म्हणाल, ‘दिवा आणा.’

निगेटिव्ह रिपोर्ट ही अनुपलब्धी आहे. विषाणू दिसला नाही. आता विचारायचं ते हे की, असता तर दिसला असता का?

याचं उत्तर आकड्यांत आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या अभ्यासकांनी २०२० मध्ये आधीच्या सात अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिलं की, संसर्ग झालेल्या माणसाची आरटी-पीसीआर चाचणी कोणत्या दिवशी केली तर ती किती वेळा चुकीनं निगेटिव्ह येते. पहिल्या दिवशी शंभरात शंभर. चौथ्या दिवशी ६७. पाचव्या दिवशी, जेव्हा साधारणपणे लक्षणं सुरू होतात, ३८. आठव्या दिवशी सर्वांत कमी, २०, आणि मग पुन्हा वाढत जातात. म्हणजे ही चाचणी लाखमोलाची आहे, पण पहिल्या तीन-चार दिवसांत तिच्यासमोर काळोखच असतो. आणि दारात उभ्या असलेल्या, लक्षणं नसलेल्या माणसाचा कितवा दिवस आहे हे ना त्याला माहीत, ना डॉक्टरांना. न्यूयॉर्कच्या त्याच बायकांमध्ये एक अशी होती, जी भरती होताना निगेटिव्ह होती. बाळंतपणानंतर तिला लक्षणं आली आणि पहिल्या चाचणीनंतर तीन दिवसांनी ती पॉझिटिव्ह निघाली.

पानशेतमध्ये उभं राहून १९६१ न आठवणं आमच्या पिढीला शक्य नाही. आम्ही तेव्हा दहा वर्षांचे, पुण्यात पेठेत राहणारे. १२ जुलैला सकाळी इथलं धरण फुटलं, ते पाणी खडकवासल्याला घेऊन आमच्यापर्यंत आलं. लहानपणी आमची समजूत होती की पाणी भिंतीवरून ओसंडलं म्हणून धरण गेलं. तसं नव्हतं. बिघाड आत होता, भिंतीखालून पाणी सोडायच्या, काम अर्धवट राहिलेल्या विमोचकापाशी. त्याच्यावरची माती खचत गेली, आणि ती वरून दिसू लागल्यावर जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. वरून पाहणाऱ्याला खचणं दिसलं ते आतलं काम बरंच पुढे गेल्यावर. तुम्ही मंडळी त्या धरणाच्या कुशीत राहता, तुम्हाला आम्ही जास्त काय सांगणार.

बरं, आता थोडं गणित. घाबरू नका, आम्हीही दहावीला गणितात काठावरच होतो. रॅपिड अँटिजेन किट घेऊ, कारण ग्रामीण दवाखान्यात पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देणारं तेच असतं. लक्षणं नसलेल्या माणसांत ते साधारण शंभर संसर्गांपैकी साठाच्या आसपास पकडतं. जगभरचे अभ्यास एकत्र करून कोक्रेन या संस्थेनं २०२१ मध्ये काढलेला आकडा ५८ होता, आम्ही सोयीसाठी ६० धरतो. आणि संसर्ग नसलेल्या शंभरांपैकी एखाद्याला उगाच पॉझिटिव्ह म्हणतं.

लाट जोरात आहे असं समजा. दवाखान्यात लक्षणं नसलेले १००० लोक आले, त्यांतल्या १०० जणांच्या अंगात विषाणू आहे. किट ६० पकडेल, ४० सोडेल. उरलेल्या ९०० पैकी ९ जणांना खोटं पॉझिटिव्ह म्हणेल. एकूण पॉझिटिव्ह ६९, त्यांतले ६० खरे. उत्तम! पण निगेटिव्ह ९३१, आणि त्यांत ४० विषाणू घेऊन आत गेले. दर तेवीस निगेटिव्ह माणसांमागे एक. मोठ्या वॉर्डात दोन आले म्हणा ना.

आता लाट ओसरली. तेच किट, तेच दार, तेच १००० लोक, पण अंगात विषाणू फक्त दोघांच्या. किट एकाला पकडेल, एकाला सोडेल. आणि ९९८ निरोगी माणसांपैकी दहाजणांना पॉझिटिव्ह म्हणेल. अकरा पॉझिटिव्ह, त्यांतले दहा खोटे. त्या दहाजणांपैकी एखाद्याची बायपास पुढे ढकलली जाईल, एखादी बाळंतीण बाळापासून वेगळी ठेवली जाईल, एखाद्याला गावी गेल्यावर कोणी पाणी भरू देणार नाही. किटमध्ये काडीचाही बदल झालेला नाही. गावात विषाणू किती आहे ते बदललं, आणि त्याच रेघेचा अर्थ उलटा झाला. आम्ही वर्गात हे समजावत असू तेव्हा मुलं म्हणायची, ‘सर, ट्रिक आहे.’ ट्रिक नाही. कुठल्याही चिन्हाचा अर्थ ते कोणत्या गर्दीत दिसलं यावर अवलंबून असतो. विठोबाच्या वारीत कपाळावर बुक्का दिसला तर त्यावरून माणूस ओळखता येत नाही. लग्नाच्या पंगतीत तोच दिसला तर येतो.

पीसीआरला खोटं पॉझिटिव्ह कमी, पण तिची खोड दुसरी आहे. आजार बरा होऊन गेल्यावरही विषाणूचे तुकडे तिला आठवडेच्या आठवडे सापडत राहतात. म्हणूनच केंद्र सरकारनं ८ मे २०२० च्या सुधारित धोरणात सौम्य रुग्णांना घरी सोडताना पुन्हा चाचणीची अट काढून टाकली. पुढे पुढे दारात सापडलेले कितीतरी ‘पॉझिटिव्ह’ महिन्यापूर्वीच बरे झालेले असायचे.

मग चाचणी करायचीच नाही का? असं आम्ही म्हणत नाही, आणि कोणी आमच्या नावावर तसं खपवू नये. लाटेच्या काळात सत्तरातले साठ खरे सापडत असतील तर ती माहिती फेकून देणं वेडेपणाचं आहे. त्या साठजणांना वेगळ्या खोलीत ठेवता येतं, भूल देणारे डॉक्टर घशात नळी घालताना जास्त काळजी घेऊ शकतात, शस्त्रक्रिया चार आठवडे थांबण्यासारखी असेल तर थांबता येते. आमची तक्रार चाचणीबद्दल नाही, तिला दिलेल्या नोकरीबद्दल आहे. ‘या माणसाला कुठे ठेवायचं?’ या प्रश्नाला चाचणी मदत करते. ‘या माणसाला आत घ्यायचं का?’ या प्रश्नावर तिला बोलण्याचा अधिकारच नाही. पहिला जागेचा प्रश्न आहे, दुसरा हक्काचा. २०२० मध्ये जागेसाठी नेमलेला माणूस दारवान होऊन बसला.

आणि हे कागदावर कोणाला कळलं नव्हतं असंही नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, १८ मे २०२० च्या सूचनांत स्वच्छ लिहिलं होतं की, चाचणी झाली नाही म्हणून प्रसूतीसकट कोणतीही तातडीची प्रक्रिया लांबवू नये. नमुना हवा तर त्याच वेळी पाठवावा. त्यानंतर थोड्याच दिवसांत मुंब्र्याहून बातमी आली. कळा सुरू झालेल्या एका तरुण स्त्रीला एकामागून एक रुग्णालयांनी दाखल करून घेतलं नाही आणि तिचा रिक्षात मृत्यू झाला. ४ सप्टेंबरच्या सूचनांत आणखी एक वाक्य आलं : चाचणीची सोय नाही म्हणून गर्भवतीला दुसरीकडे पाठवू नये. शहरात ते वाक्य वाचताना काही वाटत नाही. इथे वाटतं. धरणाच्या फुगवट्याच्या त्या टोकाला, दापसरे-घोलकडून रात्री निघालेली बाई पानशेतला पोचते तेव्हाच तिचा अर्धा जीव रस्त्यात गेलेला असतो. तिला ‘किट संपलंय, पुण्याला जा’ म्हणणं म्हणजे काय, हे समोर बसलेल्या सिस्टरना विचारा. त्यांना आमच्यापेक्षा नेमकं सांगता येईल.

(इथे श्रोत्यांतून एका आशाताईंनी सांगितलं की, त्या काळात त्या स्वतःच पिशवीत किट घेऊन गाडीबरोबर जात आणि वाटेतच चाचणी होई.)

हे उत्तम सांगितलंत. चाचणी बाईबरोबर चालली, बाई चाचणीसाठी थांबली नाही. आमच्या तासाभराच्या भाषणातलं तत्त्व यात आलं.

आता थोडं मागे जाऊ, कारण दारातल्या चाचणीचं भांडण करोनानं सुरू झालेलं नाही. शस्त्रक्रियेआधी एचआयव्ही आणि काविळीच्या ब आणि क विषाणूंची तपासणी तुम्ही कुठल्याही शहरी रुग्णालयाच्या यादीत पाहिली असेल. बहुतेकांना सही करताना ती आहे हेही माहीत नसतं. एड्सच्या सुरुवातीच्या काळात पॉझिटिव्ह रिपोर्ट म्हणजे फाईलवर लाल शेरा आणि ‘आमच्याकडे सोय नाही’ हे उत्तर. त्यावर वैद्यकानं शोधलेला तोडगा आम्हाला तत्त्वज्ञान म्हणूनही फार आवडतो. प्रत्येकाचं रक्त संसर्गजन्यच आहे असं समजून वागा. हातमोजे सर्वांसाठी, सुई टोचण्याची भीती सर्वांच्या बाबतीत सारखी, काविळीची लस सगळ्या कर्मचाऱ्यांना. कोण पॉझिटिव्ह हे शोधायची गरजच उरत नाही, कारण सुरक्षितता त्या शोधावर अवलंबून ठेवलेली नसते. भारतात २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, रुग्णाची माहितीपूर्वक संमती आवश्यक केली, चाचणीला उपचाराची पूर्वअट करायला मनाई केली, आणि त्याच कायद्यानं कर्मचाऱ्यांना सुरक्षित साधनं पुरवणं ही संस्थेची जबाबदारी ठरवली. दोन्ही बाजू एकाच कायद्यात आहेत, हे महत्त्वाचं.

मग करोनाला तेच लावायचं? इथे आम्हाला आमचंच म्हणणं अडवावं लागतं. रक्त एका माणसाच्या कातडीत बंद असतं, हातमोजा त्याला पुरतो. श्वास मात्र सगळ्यांचा सामायिक असतो. वॉर्डातल्या वीस माणसांची हवा एकच. हातमोज्यानं ती वेगळी होत नाही. ‘प्रत्येकाला संसर्गजन्य समजा’ म्हणायचं असेल तर प्रत्येकाला मास्क, खाटांमध्ये अंतर, उघड्या खिडक्या, हवा बाहेर फेकणारे पंखे, हे सगळं लागतं आणि ते सदासर्वकाळ लागतं. काडी स्वस्त असते, इमारत महाग असते. दारातली चाचणी लोकप्रिय का झाली याचं एक कारण हेही आहे, आणि ते फारसं कोणी बोलत नाही. जुन्या सरकारी दवाखान्यांची उंच छतं आणि समोरासमोरच्या खिडक्या यांची टिंगल करून आपण वातानुकूलित खोके बांधले. असो.

२०२२ साल उजाडेपर्यंत चित्र बदललं. लसी झाल्या होत्या, ओमायक्रॉन इतक्या वेगानं पसरत होता की दारात गाळणी लावण्यात अर्थ उरला नव्हता. १० जानेवारी २०२२ ला आयसीएमआरनं सांगितलं की शस्त्रक्रियेसाठी किंवा प्रसूतीसाठी आलेल्या, लक्षणं नसलेल्या रुग्णांची गरजेशिवाय चाचणी करू नये. त्या वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या रुग्णालयीन संसर्गतज्ज्ञांच्या संघटनेनंही सरसकट चाचणीविरुद्ध मत दिलं. उपचारांना होणारा उशीर आणि कर्मचाऱ्यांवरचा ताण हे कारण होतं.

पण विरुद्ध बाजूही ऐका. इंग्लंड आणि स्कॉटलंडनं २०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ही चाचणी थांबवली, आणि त्यानंतर तिथल्या रुग्णालयांत भरती झाल्यावर लागण होण्याचं प्रमाण वाढलेलं अभ्यासकांना दिसलं. म्हणजे काळोखात अर्धवट दिसणारा कंदीलही काही जणांना वाचवत होता. कर्करोगाच्या, डायलिसिसच्या, अवयव बदललेल्या रुग्णांच्या वॉर्डात आम्ही अजूनही लाटेच्या वेळी चाचणीच्या बाजूनं मत देऊ. खुब्याच्या हाडाच्या वॉर्डात, शांत काळात, देणार नाही. एकच नियम सगळ्या दारांना लावण्याची हौस सरकारी परिपत्रकांना असते, ती आपण का बाळगावी?

दार कधी कडक करायचं, कधी सैल, हे ठरवायला गावात विषाणू किती आहे हे कळावं लागतं. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी सांडपाण्यात विषाणूचा माग काढला. कोणाच्या नाकात काडी नाही, कोणाचं नाव नाही, कोणाला दारात थांबवणं नाही. तुमच्या धरणाचं पाणी आम्ही पुणेकर पितो, वापरतो आणि त्याचं जे करतो ते नदीत सोडतो. त्यातून निदान एवढी तरी विद्या निघाली.

वेळ संपत आली. प्रश्न घेऊ.

प्रश्न (एक सिस्टर) : रिपोर्ट निगेटिव्ह आला तर पेशंटजवळ मास्क काढला तर चालेल का?

लाटेच्या काळात नाही. तेवीसमागे एक, हे लक्षात ठेवा. बाकी काळात पेशंटला खोकला-ताप असेल तर ठेवा, तुम्हाला स्वतःला असेल तर नक्की ठेवा.

प्रश्न (एक ग्रामस्थ) : पेशंटनं चाचणीला नकार दिला तर?

कारण समजावून सांगायचं, पुन्हा विचारायचं. तरी नाही म्हणाला तर त्याला पॉझिटिव्ह समजून काळजी घ्यायची आणि उपचार करायचे. उपचार थांबवायचे नाहीत.

प्रश्न (सफाईचं काम करणाऱ्या एक ताई) : पेशंटची तपासणी होते, आमची कोण करणार?

हा प्रश्न आम्हाला आमच्या त्या वॉर्डातल्या मावशींनी विचारायला हवा होता. त्यांनी विचारला नाही. चाचणी बाजूला ठेवा. तुम्हाला ताप आला तर सुट्टी घेता येते का?

(ताई : कंत्राटदार त्या दिवसाचा पगार कापतो.)

मग तुम्ही तापात कामावर येणार, गोळी घेऊन येणार, आणि दारात कोणी विचारलं तर लक्षणं नाहीत म्हणून सांगणार. कोणीही तेच करेल. आम्हीही केलं असतं. अध्यक्ष महाराज, आरोग्य समितीची पुढची बैठक होईल तेव्हा किटच्या मागणीबरोबर या ताईंच्या भरपगारी आजारी रजेचा विषयही घ्यावा, एवढी विनंती करतो आणि थांबतो.